पहिल्या दिवशी फक्त तीन ठिकाणं

३ नोव्हेंबर, सोमवार

वहिनी,

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. चारच ओळी आहेत, त्या पाठ झाल्या. "महिनाअखेरीस तिकडे येते आहे, चार दिवस. शहर बघायचं राहून गेलं होतं. तू तिथे आहेस म्हणून कळवलं. भेटलंच पाहिजे असं काही नाही."

भेटलंच पाहिजे. निदान पहिला दिवस माझ्याकडे द्या. मी रजेचा अर्ज टाकलासुद्धा. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" दादाच्या आजारपणानंतर मी रजा अशी घेतलेलीच नाही, म्हणून.

शहर बघायचं राहून गेलं हे अगदी खरं. एक्केचाळीस दिवस इथे होतात, पण पाहिलंत काय? हॉस्पिटलचा तिसरा मजला, खालचं औषधांचं दुकान, अंघोळीपुरती माझी खोली, आणि त्यांच्यामधला रस्ता. तोही मान खाली घालून.

मी अजून तिथेच आहे, बसच्या वेळापत्रक विभागात, त्याच खिडकीशेजारी. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता, हे मला झोपेतून उठवून विचारा. तेव्हा दिवस आखायचं काम माझ्यावर सोडा. सोबत कागद जोडला आहे. त्यात चौदा ठिकाणं आहेत. घाबरू नका, बसतात. मी दोनदा बसवून पाहिली. नऊ दहाला तुमची गाडी, नऊ बत्तीसला स्टेशनसमोरून बस, नऊ एकावन्नला जुना दरवाजा. तिथे अकरा मिनिटं पुरतात, त्यात पाटी वाचूनही होते. संग्रहालयाला एक तास चार मिनिटं दिली आहेत, कारण दगडी मूर्ती लोक भराभर बघतात. जेवायला सव्वीस मिनिटं. संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त. तो त्या दिवशी पाच सत्तावन्नला आहे, मी चौकशी केली.

एक राहिलं. सात वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या दारात आलात, त्या दिवशी मला बरं नव्हतं. डोकं फार दुखत होतं. अशा वेळी माणूस काहीतरी बोलून जातो. तुम्हीही ते विसरला असालच. भेटल्यावर त्यावर बोलायला नको. एवढ्या ठिकाणांत तेवढा वेळही नाही.

तुमची,
दादाची बहीण


१२ नोव्हेंबर, बुधवार

वहिनी,

"तुम्ही तुम्ही काय लावलंयस? मी काय तुझ्या ऑफिसातली साहेब आहे?" हे वाचून एकटीच मोठ्याने हसले. बरं, तू. हात अडखळतोय, पण तू.

चौदा ठिकाणांबद्दल तू लिहिलंस तेही पटलं. "वाचतानाच मला धाप लागली. त्यात सूर्यास्त तेवढा आपणहून होणार होता, बाकी सगळ्याला मीच पळायचं." पटलं. तो कागद फाडून टाक.

पुढचा मजकूर मात्र एकदा वाचून मी पत्र कपाटात ठेवलं आणि वर इस्त्रीचे कपडे रचले. चार दिवस ते कपडे काढले नाहीत, त्याच दोन साड्या आलटून पालटून नेसले. आज काढलं. "मी एकटी येत नाहीये. हे पण येतायत. यांचा उजवा गुडघा अधू आहे, वीस मिनिटांच्या वर चालवत नाही. बाराच्या सुमाराला पोटात काहीतरी लागतं. तुला जमणार नसेल तर मोकळेपणी लिही. आम्ही आमचे फिरू, राग नाही."

खरं सांगते, मी दोघींचा दिवस आखला होता. बसमध्ये दोघींचं बाकडं, खिडकीशी तू. तिघं म्हटलं की एक जण मागे बसणार आणि मागे बसलेला पुढच्यांचं बोलणं ऐकणार. असले फालतू विचार केले. मग वाटलं, सात वर्षं ज्यांच्याबरोबर तू राहतेस त्यांना मागच्या बाकड्यावर बसवणारी मी कोण?

जमेल. तिघांचं जमवते. तेवढं मला कळव, गुडघा जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना? आमच्या गाड्यांची पहिली पायरी उंच असते, दांडीला धरून चढावं लागतं. बारा म्हणजे बारालाच, की साडेबारा चालतील? आणि चहा कसा घेतात?

मागच्या पाकिटावर मी तुझं जुनं आडनाव लिहिलं होतं. पोस्टमनने तरी कसं पोचवलं कोण जाणे. या वेळी नवं लिहिलं आहे, खाली पत्त्यात त्यांचं 'चष्म्याचं दुकान' असंही. अक्षर वाईट आलंय. पेन नवीन आहे.

तुझी,
नणंद


१६ नोव्हेंबर, रविवार

वहिनी,

आज रंगीत तालीम केली. गुडघा मात्र उसना आणावा लागला.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तुला आठवत असतील, तू इथे होतीस तेव्हा रोज सकाळी तुझ्या हातात जबरदस्तीने चहा ठेवायच्या त्या. पायमशीन मारून मारून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यांना म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर फिरायला चला, आणि जिथे दुखेल तिथे सांगा. म्हणाल्या, "असलं आमंत्रण जन्मात कुणी दिलं नव्हतं." पण आल्या. नवीन चपला घालून आल्या, हे चुकलंच त्यांचं.

संग्रहालयाला चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. बाईंनी खालूनच मान वर केली, "मूर्ती खाली येणार असतील तर बघते," म्हणाल्या आणि बसल्या. संग्रहालय रद्द. जुन्या दरवाजाला डागडुजीसाठी कापड गुंडाळलंय, पाटीसुद्धा झाकली आहे. रद्द. बोटीत चढायची फळी हलते. "मला उद्या ब्लाउज शिवायचेत, बुडायला सवड नाही." बोट रद्द. टेकडीचं तर मी त्यांच्याजवळ नावही काढलं नाही.

उरली तीन ठिकाणं. छपराखालचा जुना बाजार, मोठी बाग, आणि बागेच्या मागच्या अंगाचा नदीकाठ. बाजार सपाट आहे, सावली आहे, आणि दुकानदार बसायला स्टूल देतात. मसालेवाल्याच्या गल्लीत बाई सात वेळा शिंकल्या, तेव्हा ती गल्ली सोडू. बागेत फाटकापासून काचघरापर्यंत सहा बाक आहेत, त्यांतले दोन मोडके. काचघर म्हणजे काचेचं मोठं घरच आहे, आत परदेशी झाडं. आत गेलं की अंगावर ओलसर ऊब येते, धुतलेले कपडे चुलीशी धरल्यासारखी. एका झाडाची पानं इतकी मोठी की बाईंनी लगेच हिशेब केला, एकाच पानात परकर बसेल.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. वहिनी, या थांब्यांना मी एकतीस वर्षं मिनिटं वाटली. बागेला दोन मिनिटं, नदीला चार. पण तिथे कधी उतरले नव्हते. आगारातून खोली, खोलीतून आगार. तुला शहर दाखवते म्हणून ऐटीत लिहिलं आणि आज कळलं, मीही पहिल्यांदाच बघतेय. काचघरात मी तोंड उघडं टाकून उभी होते, ते बाईंनी पाहिलं.

नदीकाठी बसल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं बारकाईनं चाललंय, येणार तरी कोण आहे?"

"माझी वहिनी."

"आणि भाऊ?"

त्यांना खरं म्हणजे माहीत आहे, पण वय झालं, विसरतात. मी म्हटलं, "भाऊ गेला. वहिनी आणि तिचे मिस्टर येतायत."

हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. काही कोसळलं नाही. बाई पायातली नवी चप्पल काढून म्हणाल्या, "मग पाठ असलेला बाक बघून ठेवा. पुरुषमाणूस दुखतंय म्हणून सांगत नाही, नुसता टेकायला जागा शोधतो."

पाहून ठेवला. काचघरासमोर आहे, चिंचोळ्या वाटेच्या कडेला.

तर असा बेत. स्टेशनवर चहा, मग तुमच्या लॉजवर सामान टाकून पाय मोकळे करा. साडेदहाला निघू. बाराला बागेत बसून खायचं. पाव, उकडलेली अंडी आणि सफरचंदं मी आणते. दुपारी नदीकाठ, कंटाळा आला तर तेही नाही. बाजार संध्याकाळी, उत्साह राहिला तर. बागेला चौदा नंबरची बस सरळ जाते, पण ती हॉस्पिटलवरून जाते. म्हणून नऊ नंबर घेतली आहे. नऊ मिनिटांचा वळसा पडतो, पण तुला ते फाटक दिसायला नको.

तुझी,
नणंद


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनी,

पत्र काल आलं. "वळसा कशाला? चौदा नंबरनेच जाऊ. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मी रोज समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालताना बघायचे. तिचं आटोपलं की माझी सकाळ झाली असं मी धरायचे. ती गच्ची एकदा खालून बघायची आहे मला. त्या फाटकाची मला भीती नाही. तू टाळतेस ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

माझ्यासाठी.

काल वाचल्यापासून हाच एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला, आता पुढचं लिहिता येईल.

त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. मला काहीही झालं नव्हतं. दुपारची वेळ होती, मी मोसंबी सोलत होते. तू दारात उभी राहिलीस. आत ये म्हणायच्या आधीच म्हणालीस, "मी लग्न करतेय. तुला सगळ्यात आधी सांगायला आले." तुझ्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या मागे थोडा आनंद होता. मला तो आनंद दिसला. मी म्हटलं, "दादाला काय वाटलं असतं याचा विचार केलास?"

तू जिन्याच्या कठड्यावर हात ठेवलास आणि उतरत गेलीस. मी दार लावून घेतलं. मोसंबीसुद्धा खाल्ली. तेही सांगून टाकते.

वहिनी, दादाला काय वाटलं असतं ते मला माहीत होतं. जगात मला एकटीला माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात, तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा त्याने मला जवळ बोलावून तुझ्यासाठी निरोप दिला होता. तुझ्या पुढच्या आयुष्याबद्दल. मी तुला जो धाक घातला त्याच्या अगदी उलट होता तो निरोप. मी त्याला 'सांगते' म्हटलं. त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

आणि सांगितला नाही.

आधी मनाची समजूत घातली, इतक्यात नको, ती कोसळेल. मग म्हटलं, पत्रातून कसं लिहायचं, भेटल्यावर. खरं कारण निराळं होतं. तू त्याची बायको होतीस तोवर मी कुणाची तरी बहीण होते. दर महिन्याला तुझं पत्र यायचं, त्यात तो असायचा, काय बोलायचा, कशावर चिडायचा. तो निरोप तुला दिला असता तर तू मोकळी झाली असतीस. मग माझ्याजवळ काय उरलं असतं, वेळापत्रकं? मी तुला धरून ठेवायला बघत होते, आणि तू निघालीस तेव्हा त्याच्याच नावाने तुला टोचलं.

नेमके शब्द इथे लिहीत नाही. त्याने ते बोलून दाखवले होते, मला ते बोलूनच द्यायचेत. पण एवढं आधी कळवणं भाग होतं. तू शहर बघायला येतेस, आणि बागेतल्या बाकावर बसवून अचानक हे तुझ्या पुढ्यात टाकणं म्हणजे तुला कोंडीत पकडणं झालं असतं. आता सगळं माहीत असताना ठरव, यायचं की नाही.

२९ तारखेला नऊ दहाच्या गाडीला मी स्टेशनवर आहे. तुम्ही दोघं उतरला नाहीत तर मी काही विचारणार नाही.

दादाची बहीण


२६ नोव्हेंबर, बुधवार

वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

हवा छान आहे एवढंच कळवायचं होतं. सकाळी गारवा असतो, एखादी शाल जवळ असू दे. बागेतल्या मोडक्या बाकांपैकी एक दुरुस्त झाला. परवा ऑफिस सुटल्यावर बघून आले. आता पाच झाले.

मी स्टेशनवर आहे. घड्याळाखाली उभी राहीन.

तुझी,
नणंद


११ डिसेंबर, गुरुवार

भाऊजी,

हा शब्द वाचून दचकला असाल. चार दिवस तुम्हाला मी 'अहो', 'जरा इकडे' आणि 'हं' यांवर निभावून नेलं. वहिनीच्या नवऱ्याला दादा म्हणायचं, ते मला या जन्मी जमणार नाही. मग उलट बाजूने विचार केला. वहिनीलाच बहीण करून टाकलं की तुम्ही आपोआप भाऊजी होता. तिला अजून विचारलेलं नाही. तेवढं तुम्ही सांगा.

चष्म्याचं पार्सल मिळालं. शेवटच्या दिवशी लॉजच्या खिडकीशी बसवून तुम्ही एकेक काच लावून बघत होतात, तेव्हा वाटलं होतं वेळ घालवताय. आता टेबलावरच्या कागदांतले आकडे स्पष्ट दिसतात. हेडक्लार्क म्हणतो, बाईंनी आता आमच्या चुका काढायला सुरुवात केली.

निघताना गाडीच्या दारातून तुम्ही विचारलंत, "काचघराबाहेर तुम्ही दोघी काय बोललात? ही सांगत नाही. तिलाच विचारा म्हणते." मी म्हटलं, लिहीन. ते लिहिते आहे.

आधी स्टेशनचं सांगते, कारण तेही तुम्हाला अर्धंच माहीत आहे. गाडी आली, मी एकेका दाराकडे बघत होते. माणसं उतरली, हमालांची धावपळ संपली, फलाट रिकामा झाला. मी पाठ फिरवली आणि जिन्याकडे चालायला लागले. पिशवीत तिघांचा डबा होता, तो शिंपीणबाईंना देऊन टाकायचं मनात ठरवलंसुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं ए, कुठे निघालीस? यांचा गुडघा उतरतोय अजून!" सात वर्षांनी मी तिचा आवाज ऐकला आणि तो असा. तुम्ही दांडीला धरून शेवटच्या पायरीवर होतात आणि मला बघून कसनुसं हसलात. तुमच्याइतकीच मीही घाबरलेली होते, हे तुम्हाला कळलं का?

पत्राबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. चहा पिताना नाही, लॉजवर नाही. चौदा नंबरच्या बसमध्ये हॉस्पिटल आलं तेव्हा ती उठून उभी राहिली, तुम्ही तिच्या कोपराला धरलंत. त्या गच्चीवर आता पत्रे घातलेत, खालून काही दिसत नाही. ती म्हणाली, "बरं झालं. उन्हात उभी राहायची बिचारी." आणि खाली बसली. मी तिकीट हातात चुरगाळत होते. मला वाटलं, ही दिवसभर अशीच गप्प राहणार आणि मला तेच भोगायचं आहे.

मग बाग. आम्हाला बाकावर बसवून तुम्ही म्हणालात, "मी जरा ते काचघर बघून येतो, पाच मिनिटांत." तुम्ही वळलात न वळलात तोच ती म्हणाली, "सांग."

"इथे?"

"मग काय फलाटावर सांगणार होतीस?"

मी सांगितलं. दादाचे शब्द जसेच्या तसे. दादा गेल्यापासून नऊ वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट दोन मिनिटांत संपली, इतकी छोटी होती ती. वहिनी समोर बघत होती. मग एकदम तिने विचारलं, "वार कुठला होता?"

"गुरुवार."

"मी औषधं आणायला गेले होते म्हणालीस. मला फार वेळ लागला होता का?"

"पाऊण तास. खाली रांग होती, तू कुरकुरत आलीस."

"तरीच," ती म्हणाली. "मी वर आले तेव्हा तो झोपला होता. कपाळावर एक आठी नाही. मला वाटलं नवं औषध लागू पडलं. मी डॉक्टरांना तसं सांगितलंसुद्धा, हेच चालू ठेवा म्हणून." आणि मग ती रडली, भाऊजी. पदर तोंडाशी धरून नाही, तशीच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी हात पुढे केला तो तिने बाजूला सारला.

"थांब. आधी ऐक," ती म्हणाली. "सात वर्षं मी यांच्याबरोबर जेवायला बसते आणि मनातल्या मनात त्याची परवानगी मागते. हे काही गमतीचं बोलले, मी हसले, की लगेच गप्प होते. यांना वाटतं माझा स्वभावच असा. ती परवानगी तुझ्या खिशात होती, आणि तू बसची वेळापत्रकं करत बसलीस."

मी पुढे केलेला हात पिशवीवर ठेवला.

तिने नाक पुसलं. "माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. ते होईल तेव्हा होईल, आज नाही. पण पत्र पाठवून मग स्टेशनवर आलीस, ते चांगलं केलंस. न सांगता नुसती गोड बोलली असतीस तर मला कळलं असतं, आणि मी पुन्हा आले नसते." मग माझ्या मनगटावरचं घड्याळ स्वतःकडे वळवून बघितलं. "बारा वाजून गेले. यांना भूक लागली असेल. जा, बोलाव."

मी आले तेव्हा तुम्ही काचेला नाक लावून उभे होतात. मला म्हणालात, "या काचेत बुडबुडे आहेत. हाताने फुंकलेली जुनी काच, आता बघायला मिळत नाही." मीही मान डोलावली. रविवारी नवा चष्मा लावून मी तिथे मुद्दाम गेले. एकही बुडबुडा सापडला नाही. माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, सगळ्या काचा दोन वर्षांपूर्वी नव्या बसवल्यात, कारखान्यातून आलेल्या. म्हणजे पाऊण तास तुम्ही कोऱ्या काचेकडे बघत उभे होतात, त्या गुडघ्यावर. आत बसायला बाक होता, पण आतून आमचे चेहरे तुम्हाला दिसले असते. म्हणून पाठ करून बाहेरच उभे राहिलात ना? उत्तर नका देऊ. मला कळलं.

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. तिने तीन अंडी खाल्ली. नदीवर तुम्ही त्या कोळ्याच्या होडीचं नाव चुकीचं वाचलंत आणि ती हसली, हसली आणि गप्प झाली नाही, हसतच राहिली. तुम्ही तिच्याकडे चमकून बघितलंत. ते बघून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. बाजारात आपण गेलोच नाही. कुणालाच उठावंसं वाटेना.

आता निरोप. बाकावरून मी उठताना वहिनी म्हणाली होती, "हे यांना मी सांगितलं तर वाटेल, मन राखायला सांगतेय. तू सांग. तुझंच काम आहे ते." तिच्या वाट्याचा निरोप मी तिला दिला. पण त्यातला एक भाग तिचा नव्हताच. तो तुमचा होता.

दादा उशीला टेकून बसला होता. आवाज खोल गेलेला, पण मिस्कीलपणा गेला नव्हता. तो म्हणाला, "तिला सांग, माझ्यासाठी रडून झालं की उठ. कुणी चांगला माणूस भेटला तर हो म्हण, आणि त्याला माझ्याशी ताडून बघत बसू नकोस. मी काही एवढा मोठा लागून गेलो नव्हतो, घोरायचो. आणि तू स्वतः तिच्या बाजूने उभी राहा, बाकीचे राहणार नाहीत."

मी म्हटलं, सांगते. तो डोळे मिटून पडला. मला वाटलं, झोप लागली. तर डोळे न उघडताच म्हणाला, "आणि तो जो कोणी असेल ना, त्याला माझ्याकडून एक सांग. सकाळी उठल्या उठल्या तिला काही विचारायचं नाही. अर्धा तास जाऊ द्यायचा. मग ती सोन्यासारखी आहे."

एव्हाना ते तुम्ही तुमचे शिकला असाल. तरी पण त्याने तुमच्यासाठी ठेवलेलं होतं, ते तुम्हाला मिळालं पाहिजे.

तुमची,
मेहुणी